चंपा उशिरा आली तेव्हा

अक्का गुरुवारी गेली. सकाळी सात वाजता तिने चहा घेतला. आठ वाजता डॉक्टर आले. सव्वानऊ वाजता ती गेली. दुपारी तिच्या शाळेतल्या बाया आल्या, माझ्या कॉलेजातले लोक आले. संध्याकाळी मी घरी परत आलो आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर सतराव्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात परदेशी मासिकांचा गठ्ठा आला. युद्धामुळे कुठे कुठे अडकून पडलेले अंक आता एकदम येऊ लागले आहेत. मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे त्या गठ्ठ्याची सुतळी सोडायचा मान माझ्याकडे असतो. उभ्या उभ्याच एक अंक चाळत होतो. मधेच एक लहानसं टिपण लागलं, दोन पानांचंही नसेल. कणांना वेग देणाऱ्या यंत्राविषयी होतं ते. वाचता वाचता मी एका ठिकाणी थांबलो. तिथे म्हटलं होतं त्याचा सारांश असा, की लहर चढत असताना कण फटीत येईल असं केलं, तर उशिरा येणाऱ्याला जास्त धक्का मिळतो, लवकर येणाऱ्याला कमी, आणि म्हणून सगळे आपोआप जमून राहतात... मी ते पुन्हा वाचलं. मग अंकाची नोंदही न करता तो काखेत मारला आणि मळमड्डीतल्या घराकडे जवळजवळ धावत सुटलो. चव्वेचाळीस वर्षांच्या प्राध्यापकाने भर दुपारी, तेही शर्टाची एक बाही खडूने माखलेली असताना, रस्त्याने असं धावू नये. ओळखीच्या दोघांनी हाक मारली, मी थांबलो नाही. घराच्या पायरीवरूनच ओरडलो, "अक्का, बघ काय आलंय! तुझंच आहे, अगदी तुझंच!"

मधल्या खोलीत कुणी नव्हतं. कुलूप तर मीच आत्ता उघडलं होतं.

तो आनंद कुठे ठेवायचा हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांनी हा नियम शोधला आणि छापला त्यांनी तो स्वतःच्या बुद्धीने आणि आमच्यापेक्षा किती तरी पूर्णपणे शोधला आहे. त्यांचं यंत्र वर्तुळाकार आहे, आम्ही ज्याचं गणित करत होतो ते सरळ रांगेतलं होतं. त्यांच्या श्रेयात वाटा मागायला मी आलेलो नाही. पण धारवाडात, मळमड्डीतल्या एका कौलारू घरात, अकरा वर्षांपूर्वी एका शाळामास्तरणीने हेच वाक्य वहीत लिहिलं होतं, आणि ते तिथून पुढे गेलं नाही याला मी कारण आहे. एवढं तरी कुणाला माहीत असावं.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला हुबळीला दाजीबानपेठेत दिलं होतं. घराणं कापडाच्या घाऊक धंद्यातलं, मूळचं मिरजेकडचं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. सासऱ्यांची नजर कमी झाली होती, पण कापडाची ठाणं मोजायचं काम त्यांना सुटेना. पडद्याआडून सून पाढे म्हणते, आणि नुसते दोन-तीनाचे नाही, पावकी, निमकी, पाऊणकी, थेट साडेतीनाची औटकीसुद्धा, हे त्यांच्या एकदा कानावर पडलं. त्या दिवसापासून दुकानातून आवाज यायचा, "सूनबाई, साडेसदतीस वारांत सव्वादोनचे किती?" आणि पडद्यामागून उत्तर जायचं, "सोळा, मामंजी, आणि दीड वार उरतं." गिऱ्हाईक चकित व्हायचं. सासऱ्यांनी तिला दोन नियम शिकवले होते. पाव तसूच्या खाली माप घ्यायचं नाही, डोळ्यांची फसगत आहे ती. आणि काठावर कात्री मारायची नाही, नेहमी दोन तसू आधी थांबायचं. गजाचे चोवीस तसू, त्यातले दोन सोडले तर कापड काही जात नाही, पण हात चुकला तर तुकडा वाचतो. हे दोन नियम लक्षात असू द्यावेत, कारण पुढची सारी गोष्ट त्यांच्यावर उभी आहे.

इन्फ्लुएंझाच्या साथीत मेव्हणे गेले. वर्षभराने अक्का आमच्याकडे परत आली, शिकली, ट्रेनिंग केलं आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली. आईवडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच राहिलो. मला पुस्तकं पुरत, तिला मुली.

त्या सरळ रांगेतल्या यंत्राविषयी मी पहिल्यांदा वाचलं ती उन्हाळ्याची सुट्टी होती. दुपारी अक्का मधल्या खोलीत सुपात पावटे निवडत बसली होती आणि मी तिच्यासमोर येरझाऱ्या घालत बोलत होतो. शांत माणूस म्हणून माझी ख्याती आहे, पण त्या दिवशी मला बसवत नव्हतं. "अक्का, पोकळ नळ्यांची एक लांबच लांब रांग आहे असं समज. दोन नळ्यांच्या मधे फट. नळीच्या आत कणाला काही होत नाही, तो आपला सरळ जातो. फटीत आला की विजेचा धक्का बसतो. विजेची दिशा सारखी उलटसुलट होत असते, पण कण पुढच्या फटीत पोचेतो ती पुन्हा बरोबर त्याच्या बाजूची झालेली असते. म्हणजे पुन्हा धक्का. असे तीस धक्के! प्रत्येक धक्का लहानच, पण बेरीज केवढी!"

"मग नळ्या सगळ्या सारख्या कशा चालतील?" अक्का पावट्यांवरून नजर न काढता म्हणाली. "कण पळायला लागला की नळी लांब हवी. नाही तर तो वेळेआधीच येऊन उभा राहील की."

"लांब लांब होत जातात. अगं, मी तेच सांगणार होतो!"

"सांग की मग. मी अडवलंय का?" तिने एक किडका दाणा बाजूला टाकला. "हे बघ, एक कण नेमका वेळेवर आला. त्याचं भलं झालं. पण कण एकटा थोडाच येतो? कुणी पुढे, कुणी मागे. त्यांचं काय?"

"ते चुकतात. वाया जातात."

"सगळे?"

"बहुतेक."

"कुणी मोजलंय?"

वाचलेल्या लेखात तरी मला ते कुठे दिसलं नव्हतं. अक्काने सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि म्हणाली, "मग आपण मोजू. सुट्टी आहे, पावटे काय, उद्याही निवडता येतील."

असं ते सुरू झालं. अक्काने मधल्या खोलीच्या फरशीवर रांगोळीने एक लहर काढली, डोंगर आणि दरी. लहरीचा एक पूर्ण फेरा म्हणजे तीनशेसाठ अंश, हे मी सांगितलं. "मला अंश नको," ती म्हणाली, "मला तसू दे." आणि तिने लहरीचे चोवीस भाग पाडले. कण म्हणून चिंचोके. पण बारा चिंचोके एकमेकांसारखेच दिसतात, म्हणून तिने त्यांना नावं दिली, तिच्या पाचवीच्या वर्गातल्या मुलींची. गिरिजा घंटेच्या आधी येणारी, म्हणून ती लहरीत लवकर. शांता वेळेवर. आणि चंपा रोज उशिरा, कारण ती केलगेरीहून चालत यायची आणि तळ्याकाठी बगळे बघत थांबायची. चंपाला दोन तसू उशीर दिला. वहीत बारा उभे रकाने पडले, डोक्यावर बारा नावं. खाली एकेक ओळ म्हणजे एकेक फट. फटीत आली तेव्हा लहर किती वर होती, त्यावरून धक्का. धक्क्यावरून नवा वेग. वेगावरून पुढच्या फटीत पोचायची वेळ. बारा मुली, तीस फटी, तीनशेसाठ नोंदींचं काम. नळ्यांच्या लांब्या मी काढून दिल्या होत्या.

मी सकाळी कॉलेजच्या कामाला जाऊन येई तोवर चार-पाच ओळी झालेल्या असत. दारातच वार्ता कळे. "वासू, पाचव्या फटीला चंपा वेळेवर आली!" दुसऱ्या दिवशी, "अरे, चंपा पुढे गेली! गिरिजा मागे पडतेय आणि चंपा पुढे!" मी चपला काढायच्या आत मला फरशीपाशी ओढून नेलं जाई. सतराव्या फटीला चंपा पुन्हा मागे पडली. पण पहिल्याइतकी नाही, कमी. जवळजवळ सगळे चिंचोके लहरीच्या चढणीवरच्या एका जागेभोवती मागेपुढे होत होते, जणू तिथे कुणी खुंटा ठोकलाय आणि सगळ्यांच्या गळ्यात दावं आहे. दोघी मात्र सुरुवातीलाच फार पुढे होत्या, त्या सुटल्या. बाकी दहाजणी शेवटपर्यंत घोळक्यात.

"बघ," अक्का म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "वाया जातात म्हणे!"

इथे मी जे केलं ते लिहायला मला चार दिवस लागले आहेत. मी वही घेतली, पहिलं पान बघितलं आणि हसलो. "अक्का, तू चढणीवर का धरलंस? जास्तीत जास्त धक्का शिखरावर मिळतो. यंत्र करणारा शिखरच धरणार."

"काठावर कात्री मारायची नाही," ती म्हणाली. "दोन तसू आधी थांबले."

"आणि हे आकडे? पाव, अर्धा, पाऊण... तू प्रत्येक उत्तर पाव तसूवर आणून बसवलंयस. सगळ्या मुलींना तसूच्या चारच खणांत उभं केलं, तर त्या एकत्र दिसणारच! हा काही कणांचा गुण नाही, ही तुझ्या पाढ्यांची करामत आहे." आणि वर म्हणालो, "हे विज्ञान आहे, अक्का. ही दाजीबानपेठ नव्हे."

तिने वही माझ्या हातून घेऊन मिटली. चिंचोके एकेक करून वाटीत गोळा केले. फरशी पुसून घेतली. पुढचे आठ दिवस ताटात भाकरी वेळेवर आली, कणांचं नाव मात्र निघालं नाही. माझी शंका निराधार नव्हती, हे आजही मी म्हणेन. पण शंका आली तर तपासायची असते, एवढं मी वर्गात दर वर्षी सांगतो. मी तपासलं नाही. मला ते उत्तर दाजीबानपेठेतून आलेलं नको होतं, खरं कारण हे.

नवव्या दिवशी तिने विचारलं, "तुझ्या कॉलेजात ती जाड कोष्टकं आहेत ना, लॉगरिथमची, सात आकड्यांची? घरी आणता येतात?"

मी आणून दिली. शाळा सुरू झाली होती, त्यामुळे काम सावकाश चाललं. शाळेतून आली की पाय धुऊन ती पाटी घेऊन बसे, आधी पाटीवर, मग वहीत. आता पाव नाही, अर्धा नाही, दशांश चिन्हापुढे आकड्यांची शेपटी. ओळीओळीला चढण मात्र तीच, शिखराच्या दोन तसू आधीची. मी एकदा म्हणालो, "निदान शिखर तरी धर." तर म्हणाली, "तू धर. तुला कुणी नको म्हटलंय?"

त्याच दिवसांत एका शनिवारी सकाळी तिने मला शाळेत बोलावलं. मैदानावर चुन्याच्या फक्कीने दहा रेषा मारल्या होत्या, पहिल्या दोन जवळजवळ, मग अंतर वाढत गेलेलं. ड्रिलच्या बाई शाळेचा पितळी टोल आणि लाकडी हातोडी घेऊन उभ्या. आता सहावीत गेलेल्या त्याच बारा मुली परकर खोचून पुढेमागे उभ्या केलेल्या, चंपा सगळ्यांत मागे. अक्काने यंत्राची गोष्ट सांगितली, मग नियम, निम्मा मराठीत, निम्मा कन्नडमधे. टोल पडायच्या आधी रेषेवर पोचलात, तर पुढचा टप्पा जरा हळू चालायचा. टोल पडून गेल्यावर पोचलात, तर पुढचा टप्पा भरभर.

"ओडली एन्री, बाई?" चंपाने विचारलं.

"पळायचं नाही. चालायचं. तुला पळायला सांगितलं तर तू हुबळीला जाऊन थांबशील."

मुली हसल्या. टोल पडू लागले. अक्का मधे, बरोबर ठेक्यात चालत होती, आणि तिच्या पुढेमागे त्या बारा पोरी... काय सांगू! चौथ्या रेषेपाशी चंपा तिला गाठते, पाचव्याला पुढे जाते, गिरिजा मागे सरकते, पुन्हा चंपा मंदावते. दहाव्या रेषेवर सगळ्या एकमेकींना ढकलत, खिदळत, एका घोळक्यात आल्या. ड्रिलच्या बाई हातोडी खाली ठेवून टाळ्या वाजवू लागल्या. मी मात्र म्हणालोच, "तू त्यांना सांगितलंस म्हणून त्या जमल्या, अक्का. कणांना कोण सांगतं, हळू चाल आणि भरभर चाल?"

"लहर सांगते," अक्का म्हणाली. तिला धाप लागली होती. "चढण आहे ना ती? मुलगी लवकर आली तर लहर अजून खाली असते, धक्का कमी. उशिरा आली तर लहर वर गेलेली असते, धक्का जास्त. अजून कुणी काय सांगायचं?" मग मुलींकडे वळून ओरडली, "आता उलटं! लवकर आलात तर अजून भरभर, उशिरा आलात तर अजून हळू! ही उतरण!"

उतरणीवर तीन रेषांतच सगळं फुटलं. गिरिजा फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. दोघी विहिरीकडे. शांता मैदानाच्या मधोमध एकटी, आणि चंपा तिसऱ्या रेषेवर फतकल मारून, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली. मुख्याध्यापिका व्हरांड्यात आल्या. "हे काय चाललंय, बाई?"

"ड्रिल," अक्का गंभीरपणे म्हणाली.

मला तिथे, त्या व्हरांड्याच्या पायरीवर, कळलं. शिखर धरलं तर लवकर आलेल्याला कमी आणि उशिरा आलेल्यालाही कमीच, मग मागे राहिलेल्याला कोण सावरणार? थोडा धक्का सोडून दिला, दोन तसू आधी थांबलं, तरच घोळका टिकतो. सबंध गोष्ट सासऱ्यांच्या त्या कात्रीत होती. घरी येऊन मी सात आकड्यांची वही उघडली आणि दोन दिवस तपासत बसलो. तीनशेसाठ नोंदींत एक चूक सापडली नाही. चंपा पुन्हा पाचव्या फटीला वेळेवर, पुन्हा सतराव्याला मागे. पाव तसूचा काडीचाही दोष नव्हता. फक्त एका जागी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "एकोणिसाव्या नळीची लांबी वासूने चुकीची दिली. सुधारून घेतली. त्याला इतक्यात सांगू नये."

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "अक्का, मी चुकलो. आणि एकोणिसावी नळीही चुकली."

"सापडलं होय तुला ते," ती म्हणाली आणि फोडणीत मोहरी टाकली. थोड्या वेळाने, पाठमोरीच, "मग आता पाठव की कुठे तरी."

पाठवायचं होतंच. मी टिपण इंग्रजीत लिहायला घेतलं, नावं दोघांची, आधी तिचं. आकृती काढताना फटीतल्या विजेच्या रेषा काढल्या आणि तिथे अडकलो. फटीत शिरताना त्या रेषा कणाला मधे ओढतात, बाहेर पडताना बाजूला ढकलतात. लहर चढती असेल तर बाहेर पडेतो तिचा जोर वाढलेला असतो, म्हणजे ढकलणं ओढण्याहून जास्त. पुढेमागे जमून राहणारा घोळका आडवा फुटणार! जी चढण त्यांना एकत्र आणते, तीच त्यांना नळीच्या भिंतींवर नेऊन आपटणार. मी अक्काला दाखवलं. ती बराच वेळ आकृतीकडे बघत राहिली आणि मग तिचे डोळे चमकले. "अरे वा! म्हणजे अजून गणित आहे!"

"म्हणजे आपलं उत्तर अर्धंच आहे," मी म्हणालो. "अर्धं उत्तर काय पाठवायचं?"

"अर्धं तर अर्धं. उरलेलं दुसऱ्या कुणाला सुचेल. घोळका टिकतो, एवढं तर त्यांना कळू दे."

"पुढच्या सुट्टीत. दोन्ही मिळून पाठवू."

पुढच्या सुट्टीत अभ्यासक्रम बदलला म्हणून मी अडकलो. त्याच्या पुढच्या सुट्टीत आडवं गणित अर्धवट होतं. मग युद्ध आलं, मासिकं थांबली, कागद मिळेनासा झाला, आणि न पाठवायला खरीखुरी कारणं सापडली. मला भीती होती ती वेगळीच. कुणी तरी, माझ्यासारखाच, हसून विचारील, हे पाव-अर्ध्याचं गणित कुठून आणलंत? सात आकड्यांची वही हाताशी असूनही मला ती भीती होती. अक्काला नव्हती. ती शाळेतून येई, पाय धुई, पाटी घेई आणि बाजूला पळणाऱ्या गिरिजा-शांतांच्या मागे लागे. दर दोन-चार महिन्यांनी विचारी, "पाठवलंस?" चिडून नाही, पोस्टात जाऊन आलास का, इतक्याच सहज.

शेवटचं विचारलं ते मंगळवारी, जायच्या दोन दिवस आधी. ताप होता, पण बोलणं स्वच्छ. "वासू, पाठवलंस?"

"या सुट्टीत नक्की."

तिने मान हलवली आणि हसली. "तू चंपाच्या वरताण आहेस बघ. ती निदान पोचते तरी."

मासिक घेऊन मी धावत आलो त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी दारात एक बाई उभी राहिली. कडेवर मूल, चेहरा उन्हाने तापलेला. मला ओळख लागेना. "मी चंपा, सर. केलगेरीची. बाई गेल्याचं परवा कळलं." आणि मग ओशाळून, "उशीर झाला मला."

मी तिला आत बसवलं. मुलाला तिने फरशीवर सोडलं, ते त्याच जागी रांगू लागलं जिथे रांगोळीची लहर असायची. तिने अक्काच्या आजाराचं विचारलं, मी सांगितलं. मग ती एकदम कन्नडवर आली, लहानपणीच्या त्याच उत्सुकतेने, "आ मशीन एनातु री, सर?" त्या यंत्राचं काय झालं?

मी उठलो, मासिक आणलं, वही आणली. जे ऐकवायला मी रस्त्याने धावलो होतो ते सगळं तिला ऐकवलं. पहिल्यांदा हळू, मग भरभर, मग येरझाऱ्या घालत. लहर, चढण, दोन तसू, सातासमुद्रापलीकडे कुणाला तरी तेच सापडलं आणि ते खरं ठरलं, अक्काचं उत्तर बरोबर होतं, चंपा, पहिल्या दिवसापासून बरोबर होतं! तिला किती कळलं ठाऊक नाही. पण वहीत स्वतःचं नाव दिसल्यावर तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि एकेका ओळीवरून खाली, खाली नेत शेवटच्या ओळीवर आणलं.

"सर, शेवटी मी वेळेवर पोचले का?"

"अर्धा तसू उशिरा," मी म्हणालो.

ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली, अगदी मैदानावरच्यासारखी. मग डोळे पुसत म्हणाली, "आणि बाकीच्या?"

"त्याही तिथेच. दोघी सोडून सगळ्या एकत्र."

तिने मूल उचललं. जाताना वहीला हात लावून तो कपाळाला लावला.

मासिक मी ग्रंथालयात परत केलं आहे. वही माझ्या टेबलावर आहे. आडव्या दिशेच्या गणिताच्या एकशे चौदा ओळी तिच्यात अक्काच्या हातच्या आहेत. त्यांच्याखाली आता सहा माझ्या आहेत.